सिस्टर, पपई चालते का?

दिवाळीनंतरच्या अंकात एका ताईंना पोट साफ होण्याबद्दल उत्तर देताना ‘सकाळी वाटीभर पिकलेली पपई खा’ असं एका ओळीत लिहून मी मोकळी झाले. त्या एका ओळीवर तेवीस पत्रं आली. कुणी कार्डावर लिहिलं, कुणी वहीचं पान फाडून, बाकीच्यांनी संपादकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. पुसदकडच्या एका आजोबांनी तर सरळ जाब विचारला, ‘सिस्टर, तुम्ही नोकरीत होत्या तेव्हा आमच्या सुनेला पपई बंद केली होती. आता रिटायर झाल्यावर चालते का?’ आजोबा, केली होती. त्याचा खुलासा पहिल्याच उत्तरात आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात ३१ वर्षं ए.एन.एम., म्हणजे लसीकरण आणि बाळंतपणं बघणारी नर्स होते. क्वार्टरच्या मागे न्हाणीच्या पाण्यावर पपईची तीन झाडं होती. त्यांतलं एक पाणी साचून मुळाशी कुजलं, दोन टिकली. त्या दोन झाडांनी गावाचा पपईशी असलेला सगळा व्यवहार मला दाखवला. कोण पहाटे पान तोडून नेतं, कोण चीक मागायला येतं, आणि कोण कुणाला न सांगता कच्चं फळ पदराखाली घालून नेतं, हे मला खिडकीतून दिसायचं.

पाचवा महिना चालू आहे. माहेरच्या लग्नात फ्रूट सॅलड खाल्लं, त्यात पपईच्या फोडी होत्या हे नंतर कळलं. सासूबाईंनी दोन दिवस बोलणं टाकलंय. बाळाला काही होईल का? — एक वाचक, ता. दिग्रस

काही होणार नाही ताई. पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी गर्भ पडत नाही.

मात्र सासूबाईंची भीती हवेतून आलेली नाही. कच्च्या पपईला नख लावून बघा, दुधासारखा पांढरा चीक येतो. त्या चिकात पपेन आणि त्याच्या जातकुळीतले आणखी पाचक पदार्थ असतात, आणि ते कामाला जबर असतात. सिंगापूरच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच आपल्याकडची समजूत तपासायला घेतली होती, २००२ साली ते छापून आलं. गाभण उंदरिणींना पिकलेल्या पपईचा रस दिला, तर पिल्लांना काही झालं नाही. वेगळ्या काढलेल्या गर्भपिशवीवर पिकल्या रसाने काही हालचाल झाली नाही, पण कच्च्या फळाचा चीक लावल्यावर ती जोरात आकसली. उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे खरंच. पण पोटात बाळ असताना स्वतःवर प्रयोग कशाला करायचा? म्हणून दिवस असताना कच्ची आणि पाडाची पपई टाळा. पिकलेली खा.

आता पिकलेली कोणती? इथेच घोळ आहे. बाजारातली पपई पेपरात गुंडाळलेली, वरून पिवळीधम्मक. घरी आणून चिरली की देठाकडे कडक, साल आणि गराच्या मधे पांढरे थेंब. ती पिकलेली नव्हे, तिला नुसता रंग आला आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्या देशात बंदी आहे, ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू चालतो. तरी पेटीत कागदाची पुडी सापडली तर नवल वाटून घेऊ नका. मी सुनांना एवढंच सांगायचे: अंगठा लावला की दबली पाहिजे, देठाशी चिरली तर दूध येता कामा नये, आणि आतली बी काळीभोर पाहिजे. पांढरी बी दिसली की ते फळ भाजीला.

आणि आजोबा, तुमच्या सुनेला मी सरसकट ‘पपई नको’ म्हटलं ते ह्याचसाठी. लसीकरणाच्या दिवशी चाळीस बाया, त्यांत अर्ध्या रडणारी लेकरं घेऊन बसलेल्या. ‘कच्ची नको, पाडाची नको, पिकलेली चालते’ एवढं लांब वाक्य घरी पोचेपर्यंत ‘सिस्टर म्हणाली चालते’ एवढंच उरायचं. म्हणून मी सोपं खोटं सांगितलं. आता लिहायला जागा आहे तर खरं लिहिते.

दिग्रसच्या ताई, आणखी एक. तुम्हाला आशाताईने लोहाची लाल गोळी दिली असेल. तिच्यासोबत ‘क’ जीवनसत्त्व पोटात गेलं तर लोह चांगलं लागतं. पिकलेल्या पपईच्या १०० ग्रॅममध्ये ते साधारण ६० मिलिग्रॅम असतं. पण त्यासाठी सासूबाईंशी भांडण मांडू नका. पेरूत त्याहून जास्त असतं, संत्रं तर आपल्याकडे वरुड-मोर्शीहून दारात येतं. सासूबाईंनी संत्रं हातात दिलं तर तेच खा आणि बोलणं सुरू करा.

माझं वय ५८. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. आदल्या दिवशी मी पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या, चोरून. घरात कुणाला अजून माहीत नाही. नंतर मला दोन मुलं झाली, नातवंडं आहेत. पण त्या दिवसापासून पपई तोंडात घातली नाही. तुमचं मागचं उत्तर वाचलं म्हणून विचारते. — नाव नको, आर्णीकडची

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभर बायांपैकी दहा ते पंधराजणींचा गर्भ आपोआप पडतो. बहुतेकींचा पहिल्या तीन महिन्यांतच. आणि त्या तीन महिन्यांतलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे गर्भाची घडणच मुळात चुकलेली असते, बीजातल्या गुणसूत्रांचा हिशेब जुळलेला नसतो. ते बाईच्या खाण्यावर नसतं, जिना चढण्यावर नसतं, ओझं उचलण्यावर नसतं. त्यात जो गर्भ आज पडतो त्याची वाढ पुष्कळदा आठ-पंधरा दिवस आधीच थांबलेली असते. म्हणजे तुम्ही फोडी खाल्ल्या तेव्हा ते बहुधा होऊन गेलेलं होतं.

उपकेंद्रात अशी बाई आली की सोबतची म्हातारी पहिला प्रश्न हाच करायची, ‘काय खाल्लं होतं वो हिनं?’ मी रजिस्टरमध्ये नाव लिहीपर्यंत आरोप ठरून जायचा. पपई, तीळ, गूळ, अंडं, एकदा तर फणस. आपल्याकडे फणस मिळतो कुठे! त्या बाईने तो नागपूरला बहिणीकडे खाल्ला होता, सहा महिने आधी.

तुम्ही काही केलं नाही. पपई खायची की नाही ते तुमच्या जिभेवर आहे.

(ह्या पत्रावर नाव नाही, गाव नाही. निळ्या पेनने चार ओळी.) पाळी चुकून बारा दिवस झाले. चार दिवसांपासून कच्ची पपई आणि गूळ खाते आहे. अजून काही झालं नाही. किती दिवस खायची?

बंद करा. छापील अंक तुमच्या हातात पडेपर्यंत महिना उलटेल, म्हणून हे तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणासाठीही लिहिते.

कच्ची पपई हे भरवशाचं औषध नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, फक्त पोट बिघडतं आणि दिवस वाया जातात. ते दिवसच महत्त्वाचे असतात. कधी थोडं रक्त जातं आणि बाईला वाटतं सुटले, पण आत गर्भ तसाच असतो किंवा अर्धा राहतो, त्यात जंतू होतात. आणि गर्भ पिशवीबाहेर नळीत असला तर नळी फुटेपर्यंत कळत नाही. पोटात एका बाजूला कळ, डोळ्यांपुढे अंधारी, खांद्यात दुखणं असं काही झालं तर त्याच तासाला मोठा दवाखाना गाठायचा. मी माझ्या नोकरीत अशी एक मुलगी जीपमध्ये मांडीवर घेऊन नेली आहे. ती वाचली, पण जीप मिळायला पाऊण तास लागला होता. तो पाऊण तास मी विसरलेले नाही.

आधी तपासून घ्या. आशाताईकडे ‘निश्चय’ नावाची लघवी तपासायची पट्टी फुकट असते. गावातल्या आशाताईला सांगायचं नसेल तर तालुक्याच्या मेडिकलमधून घ्या. दिवस असतील आणि ठेवायचे नसतील, तर त्यासाठी १९७१ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी मोकळा केला. मान्यता असलेल्या दवाखान्यात, कायद्यात दिलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. तुमचं लग्न झालेलं असो नसो. १८ वर्षं पूर्ण असतील तर सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूची तर नाहीच. तुमचं नाव फोडणं हा डॉक्टरांसाठी गुन्हा आहे. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणू नका, तो तुम्हाला तपासत नसतो.

तुम्ही पत्र लिहिलंत हे चांगलं केलंत.

धाकट्याला डेंगू झाला. पेशी ६२ हजारांवर आल्या होत्या. पपईच्या पानांचा रस दिला, चार दिवसांत दीड लाख झाल्या. तुम्ही लोक पानाबद्दल उघड का सांगत नाही? — एक शेतकरी, ता. दारव्हा

भाऊ, मुलगा बरा झाला ह्याचा आनंद आहे. आता थोडं कडू बोलते, पानासारखं.

पोळ्यानंतर आमच्या गावात तापाची साथ आली की पहिली कळ पपईच्या झाडाला लागायची. एका वर्षी शाळेमागच्या झाडाला शेंड्यावर दोन कोवळी पानं आणि खाली नुसता खुंट, एवढंच उरलं होतं. माझ्या दोन झाडांना मी काट्या लावल्या होत्या, त्या काढून लोक पानं न्यायचे. त्यांचा राग आला नाही. रात्री अकरा वाजता लेकरू तापाने फणफणलेलं असताना बापाला काहीतरी करायचं असतं, आणि पान तोडणं हे त्याच्या हातातलं असतं.

गावात ज्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हणतात त्या खरं तर प्लेटलेट. पांढऱ्या पेशी वेगळ्या. निरोगी माणसात प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. डेंगूत त्या पडतात आणि साधारण आठवड्याभरात आपोआप चढतात, पान दिलं तरी आणि नाही दिलं तरी. पानाचा काहीच उपयोग नाही असंही मी म्हणणार नाही. मलेशियातली एक चाचणी २०१३ साली छापून आली, तीत पानांचा रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट जरा जास्त वाढलेल्या दिसल्या. पानाच्या अर्काच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, कितीतरी डॉक्टर लिहूनही देतात. पण आकडा चढणं वेगळं आणि माणूस वाचणं वेगळं. पानाने मरणं टळतं असं सिद्ध झालेलं नाही. डेंगूत माणूस जातो तो पुष्कळदा आकड्यामुळे नाही, तर नसांमधलं पाणी बाहेर झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. त्याला इलाज वेळेवर आणि मोजून दिलेलं सलाईन. रक्त जात नसेल तर प्लेटलेट १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा चढवतही नाहीत. ६२ हजार ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असणार, पण डॉक्टर त्या वेळी आकड्यापेक्षा पोराचं पोट आणि नाडी बघत असतात.

आणि ही गोष्ट सगळ्यांनी नीट वाचा. आमच्या गावातला एकोणीस वर्षांचा पोरगा, ताप पाचव्या दिवशी उतरला. घरात सगळ्यांनी श्वास सोडला. सकाळ-संध्याकाळ पानांचा रस चालूच होता, अर्धा पेला, हिरवा गर्द, नुसत्या वासाने मळमळावं असा. दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. आई म्हणाली, ‘रस कडू हाय न सिस्टर, त्यानंच होते त्याले.’ मलाही क्षणभर तसंच वाटलं. पानाच्या रसाने उलटी होतेच, पोटही दुखतं. पण त्याचे हात धरले तर थंडगार. सकाळपासून लघवी नव्हती. डेंगूचा खरा घात ताप उतरतो त्या दिवशीच सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीही, आणि त्याची खूण म्हणजे ह्याच उलट्या, हेच पोटदुखणं. रसाने खूण झाकून टाकली होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन रात्री सलाईनवर होता. घरी आला तेव्हा आई भेटली नि म्हणाली, ‘पानानं वाचला वो माया पोरगा.’ मी काही बोलले नाही. तिने पान दिलं होतं, सलाईन दुसऱ्याने लावलं होतं.

म्हणून रस द्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, दवाखान्याच्या ऐवजी म्हणून नाही. उलट्या, पोटदुखी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, दम लागणं, गळून जाणं, लघवी कमी होणं, ह्यातलं एकही दिसलं की रस बंद आणि गाडी काढा. दिवस असलेल्या बाईला पानाचा रस अजिबात नको. शुगरची गोळी चालू असणाऱ्याची शुगर त्याने आणखी उतरू शकते. बागेतल्या झाडाचं पान आणू नका, पपईवर मावा येतो, मावा रोग पसरवतो, म्हणून तिथे फवारणी असते. फवारणीच्या विषबाधेने माणसं कशी जातात ते २०१७ साली आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. तापाला पॅरासिटामॉलच द्या. अंगदुखीची ब्रूफेन, डायक्लो, अ‍ॅस्पिरिन डेंगूत रक्तस्राव वाढवते.

आणि झाड भुंडं करण्याआधी घरातला कूलर रिकामा करा. उन्हाळा संपला की कूलरकडे कुणी बघत नाही, पावसाचं पाणी त्यात तसंच पडून राहतं. डेंगूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची म्हणतात ती ह्या हिशेबाने.

नायट्यावर कच्च्या पपईचा चीक लावला. चार दिवसांत सोलून निघालं, आता आग होते. विंचू चावला तरी आम्ही हाच चीक लावतो. — ता. घाटंजी

जो चीक मटणाचा कडक तुकडा मऊ करतो तो तुमच्या कातडीला सोडेल का? आपल्याकडे म्हातारं बोकड असलं की पातेल्यात कच्च्या पपईच्या दोन फोडी पडतात, ते पपेनचं काम. चांगलं उकळल्यावर पपेनचा जोर संपतो, त्यामुळे रस्सा निर्धास्त खा. कातडीवर मात्र तो उकळलेला नसतो. चीक काढणारे मजूर हातमोजे घालतात ते उगीच नाही. नायटा बुरशीचा असतो, चिकाने वरची कातडी जाते, बुरशी खाली राहते आणि जखमेत आणखी पसरते. आता साध्या पाण्याने धुवा, खोबरेल लावा, आणि दवाखान्यातून बुरशीचं मलम घ्या, चार आठवडे. मलमात स्टिरॉइड नाही ना हे विचारून. डोळ्याजवळ चीक कधीही नको.

विंचवाचं तर चिकाशी काही देणंघेणं नाही. लाल विंचू चावला की घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलटी होते, छाती धडधडते. कोकणात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ह्यावर प्राझोसिन नावाची साधी गोळी किती कामाची आहे हे दाखवून दिलं, तेव्हापासून माणसं वाचू लागली. चीक शोधण्यात जातो तेवढा वेळ दवाखान्याच्या रस्त्यावर घालवा.

पपई खाल्ली की ओठ खाजतात, घसा धरतो. केळ्यानेही कधी कधी होतं. मी दवाखान्यात सफाईचं काम करते. — ता. उमरखेड

बाई, तुमच्यासारखीच मी.

रबराचे हातमोजे वर्षानुवर्षं घातलेल्या काहींना रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी होते. मग शरीर पपई, केळं, किवी ह्यांनाही तोच चीक समजून बसतं. मला नोकरीच्या विसाव्या वर्षी हे सुरू झालं. आधी मोज्यांच्या कडेला मनगटावर पुरळ, मग एके दिवशी क्वार्टरमागच्याच झाडाची पपई खाल्ली नि ओठ भाकरीसारखे फुगले. तेव्हापासून दोन्ही झाडांची फळं मी वाटत आले. तुम्हाला वाटीभर पपई खायला सांगणारी मी स्वतः एक फोड खात नाही.

तुम्हीही बंद करा. मोजे बदलून नायट्राइलचे मागा. आणि तपासायला किंवा ऑपरेशनला जाल तेव्हा ‘मला रबर चालत नाही’ हे आधी सांगा. ओठ-जीभ सुजून श्वास अडला तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

वडिलांच्या हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. शुगरही आहे. पपई द्यावी का? — ता. वणी

पिकलेली, छोटी वाटी, जेवणानंतर लगेच नाही, मधल्या वेळी. १०० ग्रॅममध्ये आठेक ग्रॅम साखर असते, आंब्यापेक्षा बरीच कमी. ज्यूस, शेक नको. कच्च्या पपईची भाजी किंवा कोशिंबीर शुगरवाल्याला चांगलीच. किडनीचा त्रास असेल आणि डॉक्टरांनी पोटॅशियम कमी सांगितलं असेल तर त्यांना विचारूनच.

रक्त पातळ करायच्या गोळीचं जास्त सांभाळायचं आहे. ती गोळी वॉरफरिन असेल तर पपईचा अर्क किंवा पपेन पोटात गेल्यावर रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून फोडीपेक्षा गोळ्यांकडे लक्ष द्या. अपचनाच्या कितीतरी गोळ्यांत पपेन असतं, पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तुम्ही ती ‘साधी पाचक गोळी’ म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही. सांगा. आणि रक्ताची तपासणी चुकवू नका.

रोज पपई खाऊन मुलीचे तळहात पिवळे झाले. कावीळ तर नाही? — ता. केळापूर

डोळ्यांचं पांढरं बघा. ते पांढरंच असेल आणि लघवी गर्द नसेल तर कावीळ नाही. पपईतला पिवळा रंग कातडीत साठला आहे. महिनाभर पपई कमी करा, उतरेल. डोळे पिवळे दिसले तर मात्र दवाखाना.

पपईच्या बिया वाळवून, कुटून मधात घेतल्या तर पोरांचे जंत पडतात म्हणे. नवऱ्याने घेतल्या तर पाळणा लांबतो हेही ऐकलं. खरं का? — ता. महागाव

दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि दोन्ही घरी करायची गोष्ट नाही. जंतांसाठी अंगणवाडीत, शाळेत वर्षातून दोनदा अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते, १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना. ती सोडून पोराच्या घशात तिखट बिया कशाला कोंबता? आणि पाळणा लांबवण्याचं म्हणाल तर जयपूरच्या विद्यापीठात वानरांना बियांचा अर्क देऊन प्रयोग झाले, त्यांची बीजं कमी झाली, अर्क थांबवल्यावर परत आली. ते वानर. तुमच्या नवऱ्याला निरोध आशाताईकडे मिळतो.

बियांवरून आठवलं. वाळलेली पपईची बी काळ्या मिरीत मिसळून विकतात हे तुमच्यापैकी तिघींनी लिहिलं आहे. खरं आहे. बी लांबट अंड्यासारखी असते, मिरी गोल. पेल्यात पाणी घ्या आणि मिरी टाका. चांगली मिरी बुडते, पपईची बी तरंगते. पोचट मिरीही कधी वर राहते, म्हणून तरंगलेला दाणा दाताखाली फोडून बघा, मिरीचा वास लपत नाही. हे लिहिताना मी माझ्या डब्यातले वीस दाणे टाकले. सहा वर राहिले, त्यांतल्या चारांना मिरीचा वास नव्हता. दुकानदाराचं नाव लिहीत नाही. त्याची तिन्ही लेकरं माझ्याच हातांवर झाली आहेत, उद्या डबा घेऊन मीच जाणार आहे.